चिटकीचा फुटाणा आणि गाडीचं नाक

एक होती उंदरी. एवढीशी. तिचं नाव चिटकी.

चिटकी राहायची शेवंताआक्काच्या पत्र्याच्या शेडमध्ये. शेडमध्ये आणखी कोण कोण? आक्काची लाल गाडी. आक्काची स्कूटर. आणि आक्काची भुरी मांजर. भुरी इतकी आळशी, इतकी आळशी, की उंदीर शेपटीवरून गेला तरी डोळा उघडत नसे.

दर मंगळवारी आक्का गाडीत पापड भरायची. गाडी निघायची. घर्र घर्र घर्र. खिंड चढायची. पलीकडच्या बाजाराला पोचायची. पापड विकून आक्का फुटाण्यांचा पुडा आणायची. आणि एक फुटाणा, फक्त एक, चिटकीसाठी शेडच्या दारात ठेवायची.

कुडुम कुडुम. चिटकीची कळी खुलायची.

पण एकदा काय झालं? आक्काने भुरीला नवी गादी आणली. निळी निळी. मऊ मऊ. भुरी तिच्यावर गोल झाली आणि झोपली. घुर्र घुर्र.

चिटकीने पाहिलं. तिला हेवा वाटला.

"दुसऱ्याला सगळं, मला काही नाही," चिटकी म्हणाली.

मग तिनेही गादी केली. कशाची केली? पिवळी लोकर, हिरवी चिंधी, पांढरा कापूस. कुठे केली? एका काळ्या चौकोनी डब्यात. कुठला डबा? ते मी आत्ता नाही सांगणार.

आला मंगळवार. टाकीभर पेट्रोल घेऊन गाडी निघाली. घर्र घर्र खॉक. घर्र घर्र खॉक. आणि खिंडीतच थांबली. फुस्स! टाकी रिकामी. शेजारचे मेकॅनिक जमीलचाचा मदतीला गेले. त्यांनी दोर बांधला आणि गाडी ओढत घरी आणली.

बाजार नाही. फुटाणा नाही.

पुढच्या मंगळवारी परत तेच. टाकीभर पेट्रोल. घर्र घर्र खॉक. खिंडीत फुस्स. पुन्हा दोर. पुन्हा चाचा.

बाजार नाही. फुटाणा नाही.

चिटकी रुसली. मग उठली. तुरुतुरु तुरुतुरु, गेली आक्काकडे.

"आक्का आक्का, फुटाणा दे की गं.
आक्का फुटाणा देईना,
माझी कळी खुलेना."

आक्का म्हणाली, "कुठनं देऊ बाई? माझे पापड सादळायला लागलेत. त्या हौसाबाईची गाडी बघ. टाकीभर पेट्रोलात दोन बाजार करते. माझीला एकसुद्धा होईना. दुसऱ्याला सगळं, मला काही नाही. आधी गाडीला पळायला सांग. मग मी फुटाणा देते."

तुरुतुरु तुरुतुरु, चिटकी गेली गाडीकडे.

"गाडी गाडी, पळ की गं.
गाडी पळेना,
आक्का फुटाणा देईना,
माझी कळी खुलेना."

गाडी म्हणाली, "मी नाही पळायची. दसऱ्याला त्या स्कूटरला हार केवढा! झेंडूचा, जमिनीला टेकणारा. आणि मला? बोटभर. दुसऱ्याला सगळं, मला काही नाही. शिवाय पेट्रोल मध्येच संपतं. आधी पेट्रोलला पुरायला सांग. मग मी पळते."

"एवढासाच हार?" चिटकी म्हणाली. "मग राग येणारच."

तुरुतुरु तुरुतुरु, चिटकी गेली टाकीकडे. टाकीच्या तळाशी उरलं होतं थोडंसं पेट्रोल. डुबुक.

"पेट्रोल पेट्रोल, पुर की रे.
पेट्रोल पुरेना,
गाडी पळेना,
आक्का फुटाणा देईना,
माझी कळी खुलेना."

पेट्रोल म्हणालं, "मी नाही पुरायचं. त्या ऑइलला बघ. महिनोन् महिने एका जागी आरामात बसतं. मी आलं की संपलं, आलं की संपलं. दुसऱ्याला सगळं, मला काही नाही. आणि ते चाक! जडच्या जड फिरतं, मला पिऊन टाकतं. आधी चाकाला हलकं फिरायला सांग. मग मी पुरतं."

तुरुतुरु तुरुतुरु, चिटकी गेली चाकाकडे. चाक खाली बसलं होतं. थोडं चपटं, थोडं फुगलेलं. पोटात हवा कमी आणि गालात जास्त.

"चाका चाका, हलकं फिर की रे.
चाक हलकं फिरेना,
पेट्रोल पुरेना,
गाडी पळेना,
आक्का फुटाणा देईना,
माझी कळी खुलेना."

चाक म्हणालं, "मी नाही हलकं फिरायचं. डिकीतली ती स्टेपनी बघ. काम नाही, धाम नाही. चिखल नाही, खड्डा नाही. नुसती लोळते. आणि हवा मात्र टम्म! मी सगळ्यांना वाहतं, माझी हवा कोण बघतं? दुसऱ्याला सगळं, मला काही नाही. आधी पंपाला हवा भरायला सांग. मग मी हलकं फिरतं."

चिटकीने डिकीत डोकावून पाहिलं. स्टेपनी खरंच लोळत होती. तिला पाहून चिटकीला भुरीच आठवली.

"शी बाई," चिटकी म्हणाली.

तुरुतुरु तुरुतुरु, कुंपणाखालून पलीकडे. तिथे चिंचेच्या झाडाखाली जमीलचाचांचं गॅरेज. कोपऱ्यात पडला होता पंप.

"पंपा पंपा, हवा भर की रे.
पंप हवा भरेना,
चाक हलकं फिरेना,
पेट्रोल पुरेना,
गाडी पळेना,
आक्का फुटाणा देईना,
माझी कळी खुलेना."

पंप म्हणाला, "मी नाही हवा भरायचा. चाचांचा तो पाना बघ. त्याला रोज पुसतात, खिळ्याला टांगतात. मी आपला धुळीत. दुसऱ्याला सगळं, मला काही नाही. आणि मी एकटा काय करू? कुणी दाबलंच नाही तर? आधी चाचांना पंप मारायला सांग. मग मी हवा भरतो."

तुरुतुरु तुरुतुरु, चिटकी गेली चाचांकडे. चाचा स्टुलावर बसून चहा पीत होते. फुर्र फुर्र.

"चाचा चाचा, पंप मारा की हो.
चाचा पंप मारेनात,
पंप हवा भरेना,
चाक हलकं फिरेना,
पेट्रोल पुरेना,
गाडी पळेना,
आक्का फुटाणा देईना,
माझी कळी खुलेना."

चाचा म्हणाले, "मी नाही पंप मारायचा. समोरचं नवीन गॅरेज पाहिलंस? लाल-हिरव्या दिव्यांची पाटी आहे. गार गार पंखा आहे. माझ्याकडे काय? चिंचेचा पाला. तो पण चहात पडतो. दुसऱ्याला सगळं, मला काही नाही."

चाचांनी चहातून एक पान काढलं. मग म्हणाले, "आणि ऐक बेटी. नुसती हवा भरून भागायचं नाही. ती गाडी खोकते. काळा धूर सोडते. तिचं नाक चोंदलंय. आधी नाकाला श्वास घ्यायला सांग. मग मी पंप मारतो."

गाडीला नाक असतं? असतं तर. चाचा त्याला एअर फिल्टर म्हणतात. आपण नाक म्हणू. त्यातून गाडी हवा ओढते. हवा मिळाली नाही, की बिचारी धापा टाकते. आणि धापा टाकत टाकत पेट्रोल पीत सुटते. गटागटा गटागटा.

"कुठे असतं नाक?" चिटकीने विचारलं.

"बॉनेटखाली," चाचा म्हणाले. "काळा चौकोनी डबा."

काळा चौकोनी डबा?

चिटकी परत निघाली.

तुरुतुरु नाही. हळू. अगदी हळू. एक पाऊल. एक पाऊल. चिटकी गेली बॉनेटखाली.

"नाका नाका, श्वास घे की रे.
नाक श्वास घेईना,
चाचा पंप मारेनात,
पंप हवा भरेना,
चाक हलकं फिरेना,
पेट्रोल पुरेना,
गाडी पळेना,
आक्का फुटाणा देईना,
माझी कळी खुलेना."

नाक बोललं. पण आवाज केवढासा!

"मला कुणाचा हेवा नाही गं. माझ्याकडे सगळं आहे. पिवळी लोकर, हिरवी चिंधी, पांढरा कापूस. मऊ मऊ, गच्च गच्च. दुसऱ्याला काही नाही, मला सगळं. फक्त श्वास नाही."

चिटकीने शेपटीकडे पाहिलं. मिशांकडे पाहिलं. नाकाकडे काही तिला बघवेना.

"ती माझी गादी आहे," चिटकी म्हणाली.

"हो," नाक म्हणालं.

"भुरीला गादी आहे. मग मला नको?"

नाकाला बोलायला हवाच नव्हती.

चिटकीला रडू आलं. गादी किती मऊ होती! किती किती दिवस आणली होती, एकेक धागा दातात धरून! पण नाकातून नुसतं सूं... सूं... येत होतं. बारीक. अगदी बारीक.

चिटकीने डोळे पुसले. आणि पिवळी लोकर धरली. ओढ! हिरवी चिंधी धरली. ओढ! पांढरा कापूस धरला. ओढ ओढ ओढ!

नाक मोकळं झालं. सूंऽऽऽऽऽ!

नाकाने श्वास घेतला.
चाचांनी पंप मारला. फसक फसक फसक.
पंपाने हवा भरली.
चाक हलकं फिरलं. गरगर गरगर.
आक्काने टाकी भरली, पेट्रोल पुरलं.
गाडी पळाली. घर्र घर्र घर्र. खॉक नाही, काळा धूर नाही. खिंड चढली, खिंड उतरली, बाजाराला पोचली आणि परत आली. टाकीत पेट्रोल उरलं. डुबुक डुबुक.

"काय झालं होतं हो चाचा?" आक्काने विचारलं.

"नाकात काहीतरी गेलं होतं," चाचा म्हणाले. आणि त्यांनी चिटकीकडे पाहिलं. चिटकी लगेच दुसरीकडे बघायला लागली. आक्का काय ते समजली.

आक्काने पुडा सोडला. शेडच्या दारात एक फुटाणा ठेवला. आणि फुटाण्याशेजारी ठेवली नारळाची एक करवंटी. छोटीशी. गोल गोल.

चिटकीने काय केलं? करवंटीत घातली पिवळी लोकर. घातली हिरवी चिंधी. घातला पांढरा कापूस. आणि फुटाणा घेऊन आत बसली.

भुरीने एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. निळ्या गादीवरून उठली. उठली म्हणजे बघा! करवंटीपाशी आली. एक पाय आत घालून पाहिला. मावेना. शेपटी घालून पाहिली. मावेना.

"दुसऱ्याला सगळं, मला काही नाही," भुरी म्हणाली.

चिटकीचं तोंड भरलेलं होतं.

कुडुम कुडुम.

संपला फुटाणा, संपली गोष्ट.