दिवाणजींचं कडं

"नदीकाठची अन्नछत्रं उद्यापासून बंद!" राजे हिंमतसेनांनी हुकूम सोडला. राणीसाहेबांना बांगड्या भरायला आलेल्या हौसा कासारणीनं तो ऐकला आणि टोपलीसकट ती सरळ दरबारात शिरली. राजमातेनं तीन वर्षांपूर्वी सुरू केलेल्या त्या अन्नछत्रांत गावोगावची मुलं दुपारी जेवत. हौसाची नातही त्यांतलीच.

"पोरं उपाशी ऱ्हातील, महाराज."

"उपाशी?" दिवाण गंगोपंत हसले. "राज्यातलं सगळं धान्य माणसांत भागून पाहिलंय मी. वर्षाला माणशी दोन पोती येतात."

"माझी दोन पोती कुणाच्या घरी उतरली तेवढं सांगा, पंत. जाऊन घिऊन येते."

दरबार खुसखुसला. राजाला मात्र ते झोंबलं. "मग उपासमारीचा पुरावा आण. धान्य मोजायचं नाही, कुणाला एकही प्रश्न विचारायचा नाही, आणि पुरावा माझ्या मुठीत मावला पाहिजे. आठ दिवसांत आणलास तर अन्नछत्रं राहतील."

"आठ दिस कशाला? टोपलीतच हाय की."

हौसानं दोन बांगड्या काढून राजाच्या तळहातावर ठेवल्या. एक मोठी, एक चांगलीच बारकी.

"दोन्ही धा वर्सांच्या पोरींच्या. मोठी नदीकाठची, बारकी डोंगरातली. तीन वर्सांमागं दोन्हीकडं धा वर्सांच्या पोरीला बारकीच बसायची. डोंगरात अन्नछत्र न्हाई, तितं आजबी बारकीच बसतीया."

राजा बांगड्या उलटसुलट करून पाहू लागला. गंगोपंतांना ते बघवेना. "मनगटावरून पोटाचं काय कळतंय?"

"लई कळतं, पंत. तुमचं तांब्याचं कडं मीच वाढवून देते न्हवं? तीन वर्सांत दोनदा वाढवलं."

पंतांनी घाईघाईनं हात उपरण्याखाली घेतला. ते पाहून राजा असा हसला की पगडी डोळ्यांवर आली.

"हरलो, हौसाबाई! अन्नछत्रं चालू राहतील, डोंगरातही निघतील. तुला काय हवं?"

"डोंगरात आता मोठ्या मापाचा माल लागंल. गाडीभर बांगड्या द्या."

"दिल्या."

"आणि माझं कडं?" पंत पुटपुटले. "पुन्हा रुततंय."

"त्याला कासारीण कशाला, पंत? डोंगरातली अन्नछत्रं तुमीच बघा. रोज चढा, रोज उतरा. कडं आपसूक सैल हुईल!"

राजानं हसत हसत त्याच दिवशी गाडीभर बांगड्या हौसाच्या दारी पाठवल्या आणि गंगोपंतांना डोंगराकडे.