एकही तक्रार नाही

'वाटाड्या' नावाचा ब्राउझर काढणाऱ्या कंपनीचे रणदिवेसाहेब लोकांच्या सूचना ऐकायला चंदगडला आले. सेवा केंद्रात दिवसभर गावाचे अर्ज भरणाऱ्या कुंदाताई म्हणाल्या, "साहेब, मागचं पान बघून परत आलं की भरलेला अर्ज कोरा होतो. तेवढं सुधारा."

साहेब हसले. "ताई, वर्षभरात आमच्याकडे एकही लेखी तक्रार आलेली नाही."

कुंदाताईंनी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. "मग माझी तुम्हीच लिहा."

साहेबांनी ऐटीत तक्रारीचा अर्ज भरत आणला. शेवटी मागच्या पानावरचा क्रमांक मागितला होता. तो बघून ते परत आले, तर अर्ज कोरा.

"अशा अकरा तक्रारी मी केल्यात, साहेब," कुंदाताई म्हणाल्या. "तुमच्याकडे एकही आली नसणार, हे मला माहीतच होतं."