धूर पिणारा डोंगर

डोंगराच्या पायथ्याशी रायाजी शेठच्या चुन्याच्या दोन भट्ट्या होत्या. त्यांच्यासाठी तुटत तुटत डोंगरावरचं जंगल संपलं. मग लाकूड लांबून येऊ लागलं. धूर मात्र तिथेच राहिला. दिवस उजाडला तरी खोरं झोपेतच आहे असं वाटे.

शेठना ते सलू लागलं. वरच्या पाड्यात चांगुणा नावाची बाई राहत होती. कुठलं बी कधी रुजतं, हे तिला ठाऊक होतं. शेठ तिला म्हणाले, "झाडं धूर पितात आणि लाकडात साठवतात म्हणे. डोंगरावर झाडं लावा आणि माझा धूर त्यांना पाजा. डोंगर जेवढा हिरवा होईल, तेवढं धान्य दरवर्षी पाड्याला देईन."

पाडा कामाला लागला. जांभूळ, ऐन, हिरडा, उंबर रुजले. स्वप्नात चालावं तशी झाडं हळूहळू उतार चढत गेली. धूर विरळ झाला. पहाटे पानं हलली की डोंगर श्वास घेतोय असं वाटे. शेठ निश्चिंत झाले. जंगल धूर पितंच आहे, म्हणून त्यांनी आणखी दोन भट्ट्या पेटवल्या.

पाचव्या उन्हाळ्यात वणवा लागला. पलीकडचा सगळा उतार जळाला. काही दिवसांनी शेठ धान्याच्या गाड्या घेऊन आले. खालून त्यांना हिरवी बाजूच दिसत होती. पाड्यात त्या साली नाचणी पिकली नव्हती. चांगुणाचा दीर कुजबुजला, "वहिनी, गप राहा. पोरं उपाशी आहेत."

चांगुणाने पोरांकडे पाहिलं. तरी ती शेठना म्हणाली, "जरा वर चला."

पलीकडे राख पावलांना मऊ लागत होती.

"इथली झाडं गेली, शेठ. त्यांनी प्यायलेला धूर पुन्हा आभाळात गेला. अर्ध्या गाड्या परत न्या."

शेठनी वाकून मूठभर राख उचलली. मग म्हणाले, "तुम्ही माझ्याशी खोटं बोलला नाहीत. मीच स्वतःला फसवत होतो. तुमच्या झाडांच्या भरवशावर भट्ट्या वाढवत गेलो."

त्यांनी नव्या दोन्ही भट्ट्या विझवल्या. एकही गाडी परत नेली नाही. "हे धान्य जंगलाच्या राखणीचं," एवढंच म्हणाले. पाड्याने गवत काढून वणव्याची वाट अडवली आणि पुन्हा बी पेरलं.

वीस वर्षांनी म्हातारे शेठ काठी टेकत वर आले. सावली गार आणि दाट होती. ते एका ऐनाच्या बुंध्याला टेकून बसले आणि त्यांना झोप लागली. चांगुणाने त्यांना उठवलं नाही. ती शेजारी बसून राहिली.

तात्पर्य: जंगल वाढवणाऱ्याला मोल द्यावं आणि त्याने ते खरेपणाने घ्यावं, पण त्या जंगलाच्या जोरावर आपला धूर वाढवू नये.