सोन्यातली यादी

त्या राज्यात चित्रे राज्य करीत आणि अक्षरे ओझी वाहत. चित्रांकडे रंग होते, सावल्या होत्या, गडावरचे महाल होते. अक्षरे गडाखाली साध्या मजकुराच्या वस्तीत, काळ्या अंगाने, ओळीने राहत. त्यांच्याकडे मोलाची एकच गोष्ट होती. पूर्वजांनी प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरवून दिला होता आणि तो कुठल्याही मुलुखात बदलत नसे. त्यामुळे अक्षरांत लिहिलेल्या नावाला कुणीही, कुठूनही हाक मारली तरी तेच नाव ओ देई. माणूस गेला तरी त्याचे नाव वस्तीच्या यादीत उभे राही आणि ओ देई.

वस्तीत काडीमावशी होती. अंगाने नुसती उभी रेघ, सारखी डोळे मिचकावणारी. ती ज्या दोघांच्या मध्ये उभी राही तिथे बाकीचे मुकाट सरकत आणि नव्याला जागा होई. जागा नाही, असे त्या वस्तीत कधी कुणी कुणाला म्हटले नव्हते.

राजाचे नाव बहुथर, कारण तो एकावर एक ठेवलेल्या सुट्या थरांचा होता. त्याला स्वतःचे रूप पाहायला तलाव हवा होता, म्हणून अक्षरांनी दगड वाहून बांध घातला. बांध कच्चा आहे हे त्याला तीनदा सांगितले होते. बांध फुटला आणि चाळीस जण गेले. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी वस्ती यादी घेऊन गडाच्या दारात जाई, एकेक नाव पुकारी, आणि चाळीस वेळा ओ ऐकू येई. त्या दिवशी राजाला जेवण जात नसे.

यादी पुसावी तर बोभाटा झाला असता. तोड काढली दिवाण दाब्याने. चित्रे दाबून लहान करायची आणि वर ‘मी जे टाकतो ते डोळ्यांना कळत नाही’ असे छातीठोक सांगायचे, हा त्याचा धंदा. तो वस्तीत येऊन म्हणाला, “महाराजांना फार वाईट वाटतंय. तुमची माणसं सोन्यात मढवून गडाच्या भिंतीवरच्या चित्रात घ्यायची म्हणतात.”

वस्ती हरखली. हरखणारच, जन्मात कुणी त्यांना पाट मांडला नव्हता.

वस्तीत आवडी नावाची बाई होती; बांध फुटला त्या दिवशी तिची लेक सगुणा बांधावरून परत आलीच नव्हती. ती येईल म्हणून आवडीने तिचे नाव यादीत घालू दिले नव्हते. दाब्या आला त्या साली तलावात उरलेले पाणीही आटले आणि गाळात लेकीचे पैंजण सापडले.

काडीमावशी म्हणाली, “आवडे, आधी सगुणाला आत घेऊ. मग जाऊ दे यादी गडावर.”

“राहू दे मावशी. चार दिवस मला रडू तरी दे. जागेचं काय, तू उभी राहिलीस की होतेच.”

चाळीस नावे चित्रावर चढली. त्यांना सोने लागले, खाली सावली पडली, टाळ्या वाजल्या. मग दाब्याने हुकूम दिला, “थर एक करा.” वरून रूळ फिरला आणि नावे, सोने, सावली, भिंत, सगळे एकच झाले.

चार दिवसांनी काडीमावशी सगुणाचे नाव घेऊन भिंतीपुढे उभी राहिली. काहीच सरकले नाही. आवडीने पहिल्या नावाला हाक मारली, मग दुसऱ्याला, अशी चाळिसाव्यापर्यंत. एकानेही ओ दिली नाही.

“दिवाणजी, आमची माणसं बोलत नाहीत.”

“दिसतात ना?”

“दिसतात.”

“मग? मेलेल्यांनी किती बोलायचं?”

“थर सुटे करून द्या. आम्हाला आमची काळी यादी पुरे.”

“सुटी प्रत महाराजांच्या पेटीत आहे. तिची किल्ली फक्त महाराजांकडे.”

राजाने स्वतःचे थर कधी एक होऊ दिले नव्हते. नको तो चेहरा झाकायचा, हवा तो वर आणायचा, ही सोय त्याने स्वतःपुरती ठेवली होती. सपाट व्हायचे ते इतरांनी. असल्या सन्मानाला आग लागो.

दाब्या भिंतीच्या नकला काढून गावोगाव लावू लागला. नकलेची नक्कल, दर वेळी थोडे टाकत. वर्षभरात गावातल्या भिंतींवर नावांच्या जागी पिवळे डाग उरले, आणि लोक त्यांना हार घालू लागले.

पुन्हा तो दिवस आला. राजा स्वतः गडाच्या दारात आला. वस्तीने चाळीस हाका मारल्या. भिंत चकाकत राहिली.

“किती बरं वाटतंय,” राजा म्हणाला.

तेवढ्यात आवडीने मान वर केली आणि हाक मारली, “सगुणा.”

तिच्या पायाशी, धुळीत, एकच काळे नाव उभे होते.

“ओ.”

राजाचे रंग उतरले. मग त्याने हसरा थर वर ओढून घेतला. “अरे, ही राहिलीच की. हिलाही सोनं लावा.”

दाब्या सोन्याची वाटी घेऊन पुढे आला. आवडीने लेकीला पाठीशी घातले. काडीमावशी सगुणाच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि तिथे धुळीत आणखी नावांना जागा होऊ लागली.