ताकदीचं इंजेक्शन

"…मग या बाळाची प्रतिकारशक्ती वाढवायचीच नाही का, बाई?"

डॉ. वेदांग केळुसकरचा आवाज चढला होता. लहान मुलांच्या रोगप्रतिकारक पेशींवर तीन वर्षं संशोधन केलेला, सुवर्णपदकवाला गडी. आणि शिकायला आला कुठे, तर चंदगडच्या वीस खाटांच्या दवाखान्यात, डॉ. खाडेबाईंच्या हाताखाली. चाळीस वर्षं लेकरांच्या छात्या ऐकून बाईंचं बोलणं कमी झालं होतं.

समोर पाच महिन्यांचा शिवांश. सर्दीचा विषाणू छातीत उतरलेला. ऑक्सिजन लावूनही दर श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या. वेदांगने सकाळीच त्याच्या आईला शब्द देऊन टाकला होता : ताकदीचं इंजेक्शन देतो, संध्याकाळी बाळ खेळेल. आणि आता बाई इंजेक्शनच्या कागदावर सही करेनात.

"त्याच्या पेशी छातीत पोचल्याच नाहीत?" बाईंनी विचारलं.

"पोचल्यात. पण नवख्या आहेत, कधी लढलेल्या नाहीत. आणखी पाठवायला हव्यात."

"आणि त्याची श्वासनळी केवढी?"

"आतली? काडीएवढी असेल."

बाईंनी आत ओढल्या जाणाऱ्या बरगड्यांकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात बाळाला खोकल्याची ढास लागली. झालं! आजी, दोन आत्या, मामा, चुलता, शेजारीण, सगळी आत घुसली. कुणी अंगारा लावतंय, कुणी तळवे चोळतंय. मामाचं कोपर नेमकं ऑक्सिजनच्या नळीवर. यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा एक्क्याण्णववरून शहाऐंशीवर आला.

"बाहेर व्हा सगळे!" वेदांग घाबरून ओरडला.

बाईंनी मामाचं कोपर उचललं. आजीला धरून दारापर्यंत नेलं. बाकीचे मागोमाग गेले. आई तेवढी राहिली.

आकडा हळूहळू ब्याण्णववर चढला. वेदांगने कपाळ पुसलं.

"यांच्यातला बाळाचा वैरी कोण होता रे?" बाईंनी विचारलं.

"वैरी कसले, बाई… जीव लावणारी माणसं."

"मग हाकललीस का?"

"त्याला श्वासाला जागा…"

वेदांग थांबला. त्याची नजर बाळाच्या छातीवर गेली : काडीएवढी नळी, आणि आत आधीच पेशींची दाटी. मग हातातला सहीचा कागद त्याने घडी करून खिशात घातला. त्याला स्वतःची लाज वाटली.

"डॉक्टर, तेवढं इंजेक्शन द्या की," आई काकुळतीने म्हणाली.

वेदांगने बाईंकडे पाहिलं. "हिला आता काय सांगू?"

बाई स्टेथोस्कोप कानाला लावत म्हणाल्या, "सांग, आत आधीच फार माणसं झालीत."