इनासचा वाटा

खाडीकाठी एक गाव होतं आणि त्या गावात होड्या बांधणारा एक सुतार होता, इनास नावाचा. माणूस भारी बोलका. करवतीपेक्षा त्याचं तोंडच जास्त चालतं, असं लोक म्हणत. बायको फिलू मात्र मोजकं बोलणारी.

गाव सगळं ख्रिस्ती. संध्याकाळची घंटा झाली की घरोघरी जपमाळ सुरू व्हायची. रीत अशी, की प्रत्येक मण्याच्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा आणि उरलेला दुसऱ्याने. या घरात पहिला भाग फिलूचा, दुसरा इनासचा. लग्नापासून तीस वर्षं त्यात खंड नव्हता.

एके दिवशी इनासला झटका आला. अंग लुळं पडलं, वाचा गेली. वैद्य म्हणाले, हाताचं सांगवत नाही, पण बोलणं आता विसरा. ऐकलेलं त्याला कळतं की नाही, तेही कोणाला सांगता येईना.

त्या संध्याकाळी फिलू दोन्ही भाग एकटीच म्हणू लागली. पण दुसऱ्याच मण्याला तिला कसंसंच झालं. नवऱ्याच्या ताटातला घास आपणच उचलतोय, असं वाटलं. मग तिने ठरवलं, की आपलं अर्धं म्हणायचं आणि त्याच्या अर्ध्याला लागतो तेवढा वेळ गप्प थांबायचं. मगच पुढचा मणी.

माळ संपली की ती रोज एकच मागायची, देवा, ह्यांच्या तोंडून एक शब्द ऐकव. देव काही बोलला नाही. नाताळ गेला, ईस्टरआधीचा उपासकाळ गेला, पुन्हा नाताळ तोंडावर आला.

शेजारची कतरीन सल्ले वाटण्यात पटाईत. ती म्हणाली, "अगं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दोन्ही तूच म्हण आणि मोकळी हो."

"त्यांचा वाटा मी खायची नाही," फिलू म्हणाली, आणि वर्षभर तिने ते पाळलं.

पण माणूसच ते, कधीतरी थकणारच. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती करंज्या तळून उठली, माळ घेतली आणि देवाला सरळ सुनावलं, की हे मुके आणि तूही मुका, मी एकटीने किती बोलायचं? आपलं अर्धं तिने म्हटलं आणि न थांबता त्याचंही सुरू केलं.

खाटेच्या फळीवर टक् असं वाजलं.

इनासने डाव्या हाताचं बोट आपटलं होतं. तो तिच्याकडे रागाने बघत होता. फिलू थांबली. मग बोट हळूहळू वाजू लागलं, त्याच्या बोलण्याच्याच ठेक्यात, तो थांबायचा तिथेच थांबत, आणि 'आमेन'ला एक जोराचा ठोका. पुढच्या मण्याला पुन्हा तसंच.

फिलूला रडू आवरेना. "अहो, म्हणजे वर्षभर तुम्ही मनात म्हणतच होता?"

टक्.

कतरीन दारातून बघत होती. ती आत येऊन गुपचूप बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने सल्ला दिला नाही.

इनासची वाचा शेवटपर्यंत परतली नाही. पण फिलूने देवाला पुन्हा कधी मुका म्हटलं नाही, आणि माळेचे पन्नास मणी रोज दोघांनी मिळूनच पुरे केले.

तात्पर्य: उत्तर ऐकू आलं नाही म्हणजे पलीकडे कोणी नाही असं नव्हे. आपलं अर्धं नेटाने म्हणावं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी जागा ठेवावी.