गुरुजींच्या भुवया

एके काळी घाटमाथ्यावर, एका डोंगराच्या पायथ्याशी, एक वृद्ध वैद्यराज राहत असत. पंचक्रोशीतली माणसं त्यांना नुसतं 'गुरुजी' म्हणत. त्यांच्या हाताखाली दोन शिष्य होते. थोरला अनंतभट; तो औषधं कुटायचा आणि आल्यागेल्याची व्यवस्था बघायचा. धाकटा श्रीरंग, आणि ही गोष्ट त्याची आहे.

श्रीरंग बुद्धिमान होता, कष्टाळू होता, आणि नम्र तर इतका की लोकांनी आपल्या मुलांना त्याचा दाखला द्यावा. वनस्पती आणायला तो एकटाच रानात जाई. तिथे त्याचा रुबाब बघावा! पान चुरडून वास घेई, मुळाशी बसून माती चाचपी, सालीचा कण जिभेवर ठेवी. एखादी वेल दिसायला अगदी शास्त्रात सांगितल्यासारखी असली, पण दलदलीत वाढलेली असली, तर तिला हातही न लावता पुढे जाई. कुणाला विचारायचं? रानात विचारायला असतं तरी कोण!

पण रोग्यापाशी बसला की हाच श्रीरंग कुठे हरवायचा कोण जाणे. नाडीवर बोटं ठेवायची, डोळे मिटायचे, इथवर सगळं ठीक. मग डोळे उघडून तो डावीकडे बघायचा. डावीकडे गुरुजींची बैठक होती. गुरुजींची एक भुवई किंचित वर गेली की हा म्हणे, "वात." दोन्ही जवळ आल्या की, "पित्त." आणि काहीच हललं नाही, तर बापडा तसाच गप्प बसून राही. हसू नका, आपल्यापैकी पुष्कळांच्या डाव्या बाजूला कुणीतरी बसलेलं असतंच. लोक म्हणत, "काय हो विनय पोराचा!" गुरुजींना मात्र तो विनय बघून आतून फार वाईट वाटे.

एके दिवशी सकाळी घाटाखालच्या गावाहून एक व्यापारी आला. त्या गावचे वैद्य नुकतेच वारले होते. आजाऱ्यांना बैलगाडीत घालून घाट चढावा लागे, आणि काही वाटेतच जात.

"गुरुजी, तुमचा श्रीरंग आमच्या गावाला द्या," व्यापारी हात जोडून म्हणाला. "घर देतो, औषधांना जागा देतो. नाही म्हणू नका."

श्रीरंगला जायचं होतं. मनापासून जायचं होतं. पण गुरुजींनी आज्ञा दिल्याशिवाय एकट्याने कुणाची नाडी बघायची नाही, असा त्या घराचा नेम होता.

"बघू," गुरुजी म्हणाले. "आधी माझंच जरा बघा. कालपासून माझं पोट बिघडलंय. न पचलेल्या अन्नाचा जुना आम साचलाय. श्रीरंग, नाडी बघ, आणि जमालगोट्याची मात्रा कर. चांगली मोठी कर."

जमालगोटा किती जहाल रेचक आहे ते सांगायला नको. तरण्याबांड गड्यालाही तो आडवा करतो. आणि गुरुजी तर ऐंशीच्या घरात होते.

श्रीरंगने नाडी धरली. ती संथ होती, वयाने थोडी क्षीण होती, पण स्वच्छ होती. आम नव्हता, काही नव्हतं. त्याने सवयीने वर पाहिलं. गुरुजींनी उपरणं तोंडावर ओढून घेतलं होतं.

"काय लागलं रे?" उपरण्याआडून आवाज आला.

श्रीरंगच्या तोंडून निघून गेलं, "आपण म्हणता तसंच, गुरुजी."

"वाटलंच मला," अनंतभट म्हणाला. "दोन दिवस मुद्राच उतरली आहे."

"अहो, बघताक्षणी कळतंय की!" व्यापाऱ्यानेही री ओढली. त्याला नाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दोघे म्हणतात म्हणजे असणारच.

श्रीरंग आत जाऊन मात्रा घोटू लागला. मागोमाग आत आलेल्या अनंतभटाला त्याने हळूच विचारलं, "दादा, नाडी तर स्वच्छ आहे. हे सोसेल त्यांना?"

अनंतभट डाफरला, "शहाणा झालास की काय? त्यांचं पोट त्यांना कळत नाही, आणि तुला कळतं?"

श्रीरंगपाशी होती फक्त आपली तीन बोटं, आणि ती बोटं काही केल्या गप्प बसत नव्हती. त्याने मात्रा पेल्यात कालवली आणि बाहेर आणली. गुरुजी उठून बसले. त्यांनी पेला हातात घेतला, इष्टदेवतेचं स्मरण केलं आणि ओठांपाशी नेला.

"थांबा!"

श्रीरंगने पेला अक्षरशः हिसकावला आणि अंगणात ओतून टाकला. व्यापारी दचकून उभा राहिला. अनंतभटाचा आ वासलेला तसाच राहिला. श्रीरंग गुरुजींकडे वळला.

"क्षमा करा, गुरुजी. मघाशी मी खोटं बोललो. तुमच्या पोटात आम नाही. यातला थेंबही तुम्हाला सोसणार नाही."

"माझं पोट मला कळत नाही?" गुरुजींचा स्वर कठोर होता.

"ते मला ठाऊक नाही. माझ्या बोटांना जे लागलं ते मी सांगतोय."

"आणि बोटं चुकली असली तर?"

"तर चूक माझी. दोष माझ्या माथी."

गुरुजींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं.

"बस असा समोर," ते म्हणाले. "रानात तू कुणाला विचारतोस रे? कुणालाच नाही. झाड समोर असतं, तू समोर असतोस. चुकलास तर दुसऱ्या दिवशी स्वतःच सुधारतोस. अरे, ज्या मातीने ते झाड उभं केलं, तिनेच हे मनगट घडवलंय. ते सरळ तुझ्याशी बोलत असतं. मग मध्ये मला कशाला आणून बसवतोस? माझ्या भुवया आता म्हाताऱ्या झाल्या, बाबा. त्या काही शेटजींच्या गावाला येणार नाहीत."

अनंतभटाला हे पटेना. "म्हणजे गुरूचं ऐकायचंच नाही का?"

"ऐकायचं ना. माझं सगळं ऐकलंय त्याने, म्हणून तर बोटं तयार झाली. आता बोटांचं ऐकू दे." मग व्यापाऱ्याकडे वळून ते म्हणाले, "न्या याला. वैद्य तयार आहे."

निघताना श्रीरंगने पायांवर डोकं ठेवलं. एक प्रश्न विचारल्याशिवाय त्याला राहवेना. "गुरुजी, मी गप्प राहिलो असतो, तर आपण खरंच प्यायला असता?"

गुरुजी मिश्किल हसले. "ते नाही सांगणार. सांगितलं, की पुन्हा माझ्या तोंडाकडे बघायला मोकळा होशील. जा, घाट उतरायचाय."

नव्या गावी पहिल्याच सकाळी एक म्हातारी आपल्या सुनेला घेऊन आली. ओसरीवर बघ्यांची दाटी. एक म्हणाला उष्णता, दुसरा म्हणाला बाहेरचं काहीतरी असणार, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. श्रीरंगने नाडीवर बोटं ठेवली, डोळे मिटले, उघडले, आणि सवयीने मान डावीकडे वळवली.

तिथे एक उघडी खिडकी होती. खिडकीतून तोच डोंगर या बाजूने दिसत होता.

त्याला गुरुजींची फार आठवण आली. मग त्याने मान सरळ केली आणि पुन्हा एकदा नाडी नीट पाहिली.

"आजी," तो म्हणाला, "माझ्या बोटांना काय लागलं ते सांगतो," आणि सांगू लागला.